कोअर शॉपच्या सात नळ्या

"एकशे चौऱ्याहत्तर, एकशे एक्क्याऐंशी, एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे नव्वद, एकशे बहात्तर, एकशे पंच्याऐंशी, एकशे एकोणऐंशी," मी वाचून दाखवलं. "चौगुले साहेब, हे तुमच्या कोअर शॉपमधले सात आकडे आहेत. नावं मी सांगणार नाही."

फोरमन बाबासो चौगुल्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बरं. मग?"

"हे सात माणसांचे आकडे नाहीत. एकाच माणसाचे आहेत."

"असं कसं म्हणता? नळीवर कार्ड नंबर हाय, तारीख हाय, ज्याची त्याची सही हाय. अडतीस माणसं, अडतीस नळ्या. एक कमी न्हाय." त्यांनी मागच्या भिंतीकडे अंगठा केला. तिथे कंपनीची फिरती ढाल टांगली होती. "ती काय उगाच दिली व्हय आमाला?"

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीतली ही गोष्ट. अकरा वर्षं झाली. मी तेव्हा पुण्याच्या एका संशोधन संस्थेत संख्याशास्त्रज्ञ होते. एका ट्रस्टला प्रश्न पडला होता की आतड्याच्या कॅन्सरची तपासणी जिल्ह्यातल्या कामगारांसाठी सुरू करावी का. आपल्याकडे हा आजार युरोप-अमेरिकेच्या मानाने कमी. त्यामुळे तपासणी चांगली आहे का, एवढा प्रश्न पुरेसा नव्हता. तेवढ्याच खर्चात दुसऱ्या कशाने जास्त माणसं वाचतील का, हेही बघायचं होतं. ते उत्तर काढायचं काम माझं होतं. प्रयोगासाठी ही फाउंड्री निवडली होती. पंचेचाळीस ते साठ वयाचे चारशे बारा कायम कामगार होते. प्रत्येकाला प्लास्टिकची एक छोटी नळी द्यायची. झाकणाला आतून काडी असते. ती शौचाला टोचायची, झाकण लावायचं, नळी परत द्यायची. प्रयोगशाळा त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त किती आहे ते मोजते. वीसच्या वर आकडा आला की दुर्बिणीची तपासणी.

तीनशे अठ्ठ्याऐंशी नळ्या परत आल्या होत्या. इतका प्रतिसाद मी कुठल्याच अभ्यासात वाचला नव्हता, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती. एकवीस जणांचा आकडा वीसच्या वर गेला. एकविसांचीही दुर्बीण झाली. एकाच्या आतड्यात मोठी गाठ मिळाली, ती तेव्हाच काढली. कॅन्सर कुणालाही नव्हता. चारशे माणसांत तो न मिळणं यात विशेष काही नव्हतं. विशेष होतं ते कोअर शॉप. तिथे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनतात. अडतीस माणसांत सात जणांना रक्त, आणि सातही जणांचं आतडं स्वच्छ. बाकीच्या कारखान्यात हे आकडे बावीसपासून पाचशेपर्यंत कसेही पसरलेले होते. इथले सात मात्र एकमेकांना चिकटून बसलेले.

"साहेब, मला कुणाची तक्रार करायची नाही," मी म्हणाले. "पण एकशे ऐंशी हा आकडा मोठा आहे. ज्या माणसाचा तो आहे त्याची तपासणी झालेली नाही. त्याला शोधायला हवं."

"शोधा की. सातजण तपासलं न्हवं तुमी? सातीच्या साती क्लिअर. मग कुणाला शोधायचं?" चौगुल्यांनी चष्मा परत नाकावर घेतला. "चहा सांगू का?"

मी नको म्हटलं.

कँटीनच्या बाहेर माझ्यामागून कुणीतरी हाक मारली. रावसाहेब पाटोळे. सातांपैकी एक. सत्तेचाळीस वर्षांचा, हाताला कोपरापर्यंत काळी वाळू.

"मॅडम, माझा दुर्बिणीचा रिपोर्ट क्लिअर आला."

"हो, पाहिला मी. चांगलं झालं."

"एक इचारायचं होतं." त्याने आजूबाजूला पाहिलं. "ज्याचं ते हाय, त्याला काय झालेलं असंल?"

मी हातातली फाइल बाकावर ठेवली. "काहीच नसेल. मूळव्याध असेल. किंवा गाठ असेल, किंवा कॅन्सर. पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. कुणाचं आहे ते?"

"ते न्हाय माहीत."

"पाटोळे, नळी तुमच्या नावाची होती."

"नावाची व्हती. मालाची न्हवती." तो हसला नाही. "वेल्फेअरवाल्यांनी ह्या नळ्या बी ढालीच्या शर्यतीत घातल्या. ज्या खात्याच्या शंभर टक्के, त्याला ढाल आणि गोडाचं जेवण. तीन वर्षं ढाल आमच्याकडंच हाय. शेवटचा एक दिवस उरला तवा सातजण राहिलो. चौगुले साहेब म्हणाले, आता सात माणसांपायी ढाल घालवताय व्हय. आता खरं सांगू का मॅडम, कसं करायचं ते? घरात संडासात वाकून काडी टोचत बसलो, बायको भाईरनं म्हणती काय करताय एवढा वेळ. म्हटलं मरू दे. वाळूत, तेलात कशात बी हात घालीन, पर ते न्हाय जमलं."

"मग?"

"साहेबांनी साती नळ्या मावशीला दिल्या. संडास धुती ती. म्हणाले, मावशी, एवढ्या भरून दे."

"आणि तिने दिल्या."

"दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्या."

"तिने ते कुणाचं आणलं, हे कुणी विचारलं नाही?"

"कुणी इचारायचं?" पाटोळे म्हणाला. "साहेबांना वाटलं आमी इचारलं असंल. आमाला वाटलं तिला कायतरी म्हाईत असंल, त्यातलीच हाय म्हटल्यावर."

"मग तुम्हाला दुर्बिणीला बोलावलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"न्हाय म्हणावं तर का न्हाय ते सांगाय लागतंय. ढाल जाती, साहेब जातोय. ते पोट साफ करायचं औषध पिऊन सातजण दिवसभर पळत व्हतो मॅडम, एकमेकाला फोन करून इचारत व्हतो, तुझं कितव्यांदा. बाळू म्हणाला, ढालीपरीस हेच खरं बक्षीस." आता तो थोडा हसला आणि लगेच थांबला. "आनि मनात भ्या बी व्हतं. नाव तर आपलंच लिवलंय. खरंच आपल्यालाच असलं तर?"

मावशीचं नाव मालन आवळे होतं. हे मला गेटवरच्या सुरक्षारक्षकाकडून कळलं. आत कुणाला ते सांगता आलं नाही. दुपारी तीन वाजता ती बायकांच्या खोलीमागच्या नळावर ब्रश धूत होती. शेहेचाळीस वर्षांची, बारीक, साडीवर कंत्राटदाराचा निळा कोट. कोटाची वरची दोन बटणं नव्हती.

मी माझं नाव सांगितलं. कशासाठी आले तेही सांगितलं.

"कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"ते नाही सांगणार. तुमचंही नाव मी कुणाला सांगितलेलं नाही. मावशी, त्या सात नळ्यांत कुणाचं होतं?"

तिने ब्रश उलटा करून भिंतीला टेकवला. "माझंच की. दुसऱ्याचं कुठनं आणू? दारात उभी राहून मागू व्हय, जरा थांबा, जरा द्या म्हणून?" मग थोडं थांबून म्हणाली, "त्यास्नी वाटतंय माझं हात रोज त्यातच असत्यात. ब्रशनं धुते मी. हातानं न्हाय."

"शौचातून रक्त पडतं का तुम्हाला?"

"पडतंय कदीमदी. मूळव्याध हाय. पोरगी झाली तवापासनं."

"वजन?"

"कमी झालंय. ते कामानं."

"दमायला होतं?"

"तुमी धुऊन बगा बावीस संडास, मग इचारा."

मी तिला आकडा सांगितला, आणि त्याचा अर्थ जितका साधा सांगता येईल तितका सांगितला. दुर्बिणीची तपासणी करायला हवी, लवकर. ऐकता ऐकता तिने टाकीचा नळ सोडला. शेवटी म्हणाली, "आनि ह्या साती लोकांचं काय लिवणार तुमी?"

"खरं लिहावं लागेल. सात नळ्या चुकीच्या आहेत, त्या बाद."

"का बाद, ते बी?"

"ते विचारतील. ट्रस्ट कंपनीला विचारेल."

"कंपनी चौगुल्याला इचारंल. चौगुल्या पयला माझं नाव सांगंल, मग सवताचं. ते बी सांगणार न्हाय म्हणा." तिने कोटाला हात पुसले. "मग मी येत न्हाय तुमच्या दुर्बिणीला."

"मावशी, हा जिवाचा प्रश्न आहे."

"जीव माझा हाय न्हवं? मग मी सांगते ते ऐका. पोरगी नर्सिंगला हाय सांगलीत. दीड वर्ष राहिलंय. हितनं काडलं तर ह्या कारखान्यांच्या वसाहतीत मला दुसरं कोन घेतंय? लोकांच्या नळीत असलं भरती म्हनून नाव व्हईल माझं. दीड वर्ष गप बसा. पोरगी पास झाली की मी सवता फोन करून सांगते. मग लिव्हा काय लिवायचं ते."

"अहवाल तीन आठवड्यांत द्यायचाय."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि ब्रश उचलला.

मी तिथे किती वेळ उभी होते ते आठवत नाही. एक टाकी भरली आणि वाहायला लागली, तिने नळ बंद केला, एवढं आठवतं. मग मी म्हणाले, "ठीक आहे. नाही लिहिणार."

"कागदावर देता?"

"नाही. कागद राहतो. तोंडी देते."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "सोमवारी सुट्टी असती माझी," ती म्हणाली.

दुर्बिणीच्या तपासण्या डॉ. उपासनींच्या रुग्णालयात होत होत्या. प्रयोगाचे वैद्यकीय प्रमुख तेच. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टेबलावरचं पेपरवेट दोनदा फिरवलं.

"बाई प्रयोगात नाहीत. कंत्राटी आहेत. मी त्यांचा खर्च ट्रस्टकडे लावू शकत नाही."

"मला माहीत आहे, सर."

"कंत्राटी कामगार का वगळलेत आपण? तो नियम कुणी घातला?"

"मी."

आराखडा लिहिताना त्यांनीच मला विचारलं होतं, कंत्राटी घ्यायचे का. मी एका ओळीत उत्तर लिहिलं होतं: दर अकरा महिन्यांनी कंत्राट बदलत असल्याने पाठपुरावा शक्य नाही, त्यांना घेतल्यास आयुष्याच्या प्रत्येक वाढीव वर्षामागचा खर्च वाढेल. वाक्य बरोबर होतं. कंत्राट खरंच बदलायचं. मालन आवळे चौदा वर्षं त्याच बावीस संडासांवर होती. तिच्यावरचे कंत्राटदार पाच वेळा बदलले होते. हे मी वाक्य लिहिण्याआधी कुणाला विचारलं नव्हतं.

"सोमवारी सकाळी पाठव," उपासनी म्हणाले. "माझ्या यादीत घेतो. पैशाचं बघू नकोस. पण हेमांगी, त्या सात नळ्या तशाच ठेवल्यास तर तुझा आकडा काय येईल, ते काढलंयस का?"

"काढते."

"आधी काढायला हवं होतंस."

"आकडा बघून शब्द दिला असता तर कदाचित दिलाच नसता."

त्यांनी यादी ओढली आणि सोमवारखाली नाव लिहिलं.

सोमवारी मालन तिच्या मुलीला घेऊन आली. मुलगी वीस वर्षांची, सगळे रिपोर्ट दोनदा वाचणारी. तासाभराने उपासनी बाहेर आले आणि मला आत बोलावून त्यांनी पडद्यावरचं चित्र दाखवलं. आतड्याच्या डाव्या बाजूला गाठ होती, कडा उचललेल्या, मधोमध जखम. वैद्यकीय शिक्षण नसतानाही मला ती समजली.

"अजून भिंतीबाहेर गेली नसावी," ते म्हणाले. "सहा महिन्यांनी आली असती तर वेगळं बोललो असतो."

ऑपरेशन सरकारी योजनेत झालं. पाच आठवडे मालनच्या जागी तिच्या जावेने निळा कोट घालून काम केलं. कंत्राटदाराला संडास धुतलेले हवे होते, धुणारी कोण ते त्याने पाहिलं नाही. चौगुल्यांना मावशी बदललेली कळली की नाही, मला माहीत नाही. गाठ वेळेत निघाली होती. औषधं सहा महिने चालली आणि बंद झाली.

आकडा मी त्याच आठवड्यात काढला. दोनदा. सात नळ्या धरून आणि सात नळ्या वगळून. दुर्बीण हा या सगळ्यातला सर्वांत मोठा खर्च. एकविसाऐवजी चौदा धरल्या की एक वर्ष आयुष्य वाढवायचा खर्च ट्रस्टने घातलेल्या मर्यादेच्या थोडा खाली येत होता. एकवीस धरल्या की बराच वर जात होता. मालनला धरण्याचा प्रश्न नव्हता. ती यादीतच नव्हती. प्रयोगामुळे सापडलेला एकमेव कॅन्सर प्रयोगाच्या बाहेर होता.

तिसरा आकडाही मॉडेलमधून आपोआप पडत होता. तपासणी जिल्हाभर गेली असती तर अठरा हजार कामगार त्यात आले असते. दहा वर्षांत टळणारे मृत्यू: चार.

ट्रस्टची बैठक एका जुन्या बँकेच्या वरच्या मजल्यावर झाली. मी अठरा मिनिटं बोलले. एकवीस दुर्बिणी, एक गाठ, कॅन्सर शून्य, खर्च मर्यादेच्या वर. कोअर शॉपबद्दल एक वाक्य होतं, की एका विभागात धोक्याच्या खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण जास्त आढळलं. तेही खोटं नव्हतं.

अध्यक्ष शिरगुप्पे म्हणून वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी कागद बाजूला केले. "बाई, ही गणितं आम्हाला कमी कळतात. एक सरळ सांगा. ह्यातनं एक तरी माणूस वाचला का?"

उपासनी माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी पेनचं टोपण लावलं.

"एक गाठ काढली. ती पुढे कॅन्सर झाली असती का, ते सांगता येत नाही," मी म्हणाले. "कॅन्सर असलेलं यादीत कुणी सापडलं नाही."

"मग तो डायलिसिस यंत्रांचा दुसरा प्रस्ताव बघू या," कुणीतरी म्हणालं, आणि पुढचा विषय सुरू झाला.

जिना उतरताना उपासनींनी विचारलं, "सात वगळून काढला होतास ना?"

"हो."

"फरक पडत होता?"

"चार माणसांचा. दहा वर्षांत."

ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "मी बोललो असतो तिथे. तू शब्द दिला होतास, मी नव्हता."

"मग का नाही बोललात?"

"तिच्या मुलीला बघितलं होतं ना," ते म्हणाले. "त्या चौघांच्या घरचं कुणी बघितलं असतं, तर बोललो असतो बहुतेक."

ट्रस्टने त्या वर्षी चार डायलिसिस यंत्रं घेतली. उरलेल्या पैशांत एक रुग्णवाहिका. त्यांचाही उपयोग झालाच असणार. तो हिशेब मला कुणी करायला सांगितला नाही. मी त्यानंतर पुढची कामं घेतली. सात नळ्या वगळलेला कागद माझ्या कपाटात राहिला. सही नव्हती, तारीख होती.

दीड वर्षाने, जुलैमध्ये, ऑफिसात अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मॅडम, मालन बोलते. कोल्लापूरची. वळीकलं न्हवं?"

"ओळखलं. तब्येत कशी आहे?"

"बरी हाय. वजन वाढलंय. पोरगी पास झाली बगा. सांगलीतच लागली दवाखान्यात, कालपासनं ड्युटी. मला म्हणती, आई, आता तू काम सोड. म्हटलं, बगू."

"फार छान झालं."

"मी शब्द दिलता फोन करायचा. आता लिव्हा तुमी काय लिवायचं ते. माझं नाव घाला, कायबी घाला. आता काय भ्या न्हाय."

मी थँक्यू म्हणाले.

"आनि मॅडम," ती म्हणाली, "एक इचारायचं व्हतं. आमच्या हितल्या बायका इचारत्यात. माझं सगळं सांगितलं मी त्यास्नी, मगापासनं धाजनी मागं लागल्यात. त्या नळ्या परत कदी येणार? ह्या टायमाला आमाला बी द्या म्हनावं. आमी सवताच्या सवता भरून देतो."

समोर टेबलावर दुसऱ्या कुठल्या तरी अभ्यासाचा आराखडा उघडा होता. मी तो बंद केला.

"कळवते," मी म्हणाले.

"कळवा," मालन म्हणाली. "घाई न्हाय. सावकाश कळवा."